जुन्या फरशीवर टाइल लावण्याआधी नाण्याने ठोकून बघा

नाशिकच्या सिडको-पंचवटीतल्या जुन्या घरांत मोझॅक न उखडता वरूनच टाइल लावता येते. तोडायची मजुरी आणि राडारोडा वाचतो. पण खालची फरशी पोकळ असेल तर वरची टाइलही पुढे हलते, तडकते. म्हणून मिस्त्री येण्याआधी:

१. पंखा बंद करून जाड नाण्याने प्रत्येक फरशीचे चारही कोपरे आणि मधला भाग ठोका. घट्ट बसलेली फरशी 'टक' वाजते, पोकळ फरशी रिकाम्या माठासारखी घुमते. उंबऱ्याजवळ आणि ओट्यासमोर दोनदा ठोका. तिथे वावर जास्त.

२. पोकळ फरशीवर खडूने फुली मारा. तेवढ्याच काढून खड्डे सिमेंट-वाळूने भरून घ्या आणि नीट वाळू द्या.

३. दाराखालची फट मोजा. साधारण अर्धा इंच उंची वाढते, दार तासावं लागेल.

टाइल अॅडेसिव्हनेच, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मसाल्यानेच, लावून घ्या. पॉलिश केलेल्या मोझॅकला सिमेंटचा घोळ नीट धरत नाही, हे मिस्त्रीला आधीच सांगा.

गळणाऱ्या बाथरूममध्ये मात्र हे करू नका. तिथे जुनी फरशी काढून आधी वॉटरप्रूफिंगच करावं लागतं.