धंदा करायचाय? आधी आपला स्वभाव तपासा, मग भांडवल

कॉलेजात धंदा करायचाय म्हणणारे ढीगभर भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न भांडवलाचा. मला विचाराल तर तो नंतरचा प्रश्न आहे.

आधी रिस्कचं बघा. डेव्हिड मॅक्लेलँड म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या प्रयोगात लोकांना खुंटीत रिंग टाकायची होती, किती लांबून टाकायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. ज्यांना काहीतरी करून दाखवायची ओढ जास्त ते ना खुंटीला चिकटून उभे राहिले ना पार लांब, मधेच कुठेतरी, जिथून जमेल पण कस लागेल. त्यामुळे धंद्याला जुगारी डोकं लागतं हा समज काढून टाका. आणि ही ओढ वाढवता येते असं त्यांचं म्हणणं, म्हणून तर १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्यात छोट्या व्यावसायिकांसाठी खास ट्रेनिंग घेतलं गेलं.

दुसरी गोष्ट, फसलं की दोष कुणाला देता? ज्युलियन रॉटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हेच मांडलं, काहींना वाटतं आपल्या हातात आहे, काहींना वाटतं सगळं नशिबाचं. वहीत दोन रकाने करा, माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, पण खरं लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, "हे मला जमेल" हा भरवसा. अल्बर्ट बंडुरा हे मानसशास्त्रज्ञ सांगायचे की तो सगळ्यात जास्त वाढतो स्वतः करून जमल्यावर, भाषणं ऐकून तेवढा नाही. आम्ही हॉस्टेलवर दिवाळीला २० आकाशकंदील केले होते, सामानाला ११०० रुपये गेले, १०० ला एक विकला, १४ गेले, ६ उरले. हातात ३०० उरले फक्त, पण पहिल्या काकूंनी घासाघीस केली तेव्हा माझा आवाज कापत होता आणि दहाव्या गिऱ्हाइकाला मीच "ताई, कागद बघा ना, हात लावून बघा" म्हणत होतो. तो फरक कुठल्याच सेमिनारमध्ये मिळाला नसता.

घरच्यांचं मतही आपल्या इच्छेवर परिणाम करतंच, त्यामुळे भांडू नका, हिशोबाची वही दाखवा.

म्हणून या महिन्यात ५०० ते १००० रुपयांतच एक वस्तू निवडा, अनोळखी दहा जणांना विका आणि दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटतंय का ते बघा. दिवाळी गेली असेल तर संक्रांतीचे तिळाचे लाडू आहेतच.