कणकुंबी ते अणशी : धबधबे बघायचे तर गणपतीनंतर निघा

जुलैत धबधबा बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा धुकं बघून परततो. त्यातून भर पावसाळ्यात वनखातं बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलात जायला बंदी घालतं ते वेगळंच. त्यामुळे गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला की निघा. तेव्हाही पाणी भरपूर असतं.

आधी त्या-त्या भागातल्या फॉरेस्ट ऑफिसात विचारून परवानगी घ्या. गाडीची टाकी बेळगावातच भरा. पुढे मोबाईलची रेंज जाते, म्हणून घरी रस्ता सांगून ठेवा.

पहिला दिवस जांबोटी-कणकुंबीचा. कणकुंबीत मलप्रभेचा उगम आहे. तिचं पाणी पूर्वेला कृष्णेकडे जातं आणि शेजारच्याच उतारावरचं म्हादईतून गोव्याकडे. हे ठाऊक असलं की साधा ओढाही थांबून बघावासा वाटतो. म्हादईवरच्या वज्रपोहा धबधब्याला जायचं असेल तर गावातला वाटाड्या घ्याच. जंगलात गुरांच्या वाटा इतक्या फुटतात, की नकाशा हातात असूनही माणूस फिरत राहतो.

चालताना जळवा लागणारच. आदल्या रात्री तंबाखू भिजवून त्या पाण्यात मोजे बुडवा, वाळवा आणि पँट मोज्यांत खोचा. चिकटलीच तर ओढू नका. तोंडाच्या बाजूने नख सरकवलं की सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. चप्पल मात्र नको. मी एकदा हौसेनं घातली आणि शेवाळलेल्या जांभ्यावर सरळ बसलो.

पाण्यात उतरलात तर नजर वरच्या बाजूला ठेवा. निवळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा जास्त येऊ लागला, की तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी लगेच काठावर या. वर डोंगरात पाऊस झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशी गाठा. 1987 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल आता काळी व्याघ्र प्रकल्पात येतं. दूधसागर मात्र या फेरीत कोंबू नका, त्याला वेगळा दिवस हवा. आणि तिकडे रेल्वे रुळावरून चालणं गुन्हा आहे.

अणशीतून अंधाराआधी निघा. वळणावर गवे उभे दिसले तर हॉर्न न वाजवता लांबच थांबा. कळप उतरून गेला तरी मागे एखादं वासरू राहिलेलं असतं, तेही जाऊ द्या.