नदीकाठच्या जुन्या रेल्वेवाटेवर जिओकॅशिंग कसं करायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, यातल्या कॅशचा पैशांशी काही संबंध नाही, कॅश म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेली डबी, आत सह्या करायला कागद, आणि ती शोधायला जीपीएसचे आकडे, म्हणजे त्या जागेचे अक्षांश-रेखांश. अमेरिकेने मे 2000 मध्ये जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली आणि लगेच 3 मे ला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले, तिथून हा खेळ सुरू झाला.

रेल ट्रेल म्हणजे रूळ काढून चालण्या-सायकलसाठी केलेली जुनी रेल्वेलाइन. आगगाडीला चढ झेपत नाही म्हणून वाट जवळपास सपाट असते, नवख्यांसाठी एकदम मस्त. पण सपाट बघून फसू नका, सगळी गंमत वाटेच्या दोन बाजूंना असते.

घरूनच सुरुवात करा. जिओकॅशिंगच्या अ‍ॅपमध्ये त्या पट्ट्यातल्या कॅश बघा आणि मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, नदीच्या खोऱ्यात नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही. प्रत्येक कॅशला 1 ते 5 मध्ये दोन रेटिंग असतात, डिफिकल्टी म्हणजे शोधायला किती अवघड आणि टेरेन म्हणजे पोचायला किती अवघड. इथे माझा साधा हिशोब असा की वाट सपाट असूनही टेरेन 3 किंवा जास्त दिसला तर डबी वाटेवर नाहीच, एकतर खाली नदीकडे उतरायचंय नाहीतर वर कड्याकडे चढायचंय. मग शेवटचे लॉग, म्हणजे आधी शोधायला गेलेल्यांनी टाकलेल्या नोंदी, वाचा. लागोपाठ तीन-चार जणांना सापडली नसेल आणि मधे नदीला पूर येऊन गेला असेल तर ती बहुतेक वाहून गेली, सोडून द्या.

आता वाटेवर. फोनवरचा बाण सरळ रेषेत अंतर दाखवतो, त्याला नदीबिदी कळत नाही. मी एकदा 40 मीटर बघून खुशीत झुडपात घुसलो, अर्धा तास काटे खाल्ले, मग मॅप झूम केला तर कॅश पलीकडच्या काठावर आणि पूल दोन किलोमीटर मागे! त्यामुळे आधी बघायचं की डबी नदीच्या कुठल्या बाजूला आहे, मग भरावाच्या वर की खाली, आणि भरावावरून थेट घसरत उतरायचं नाही, जरा पुढेमागे गेलं की आधीच्या लोकांनी पाडलेली पायवाट बऱ्याचदा सापडते.

दहा मीटर राहिले की फोन खिशात टाका, हे सगळ्यात महत्त्वाचं. मोकळ्यावर फोन पाच-एक मीटर चुकतो, झाडीत नाहीतर कड्याला लागून त्याहून जास्त, आणि लपवणाऱ्याचा फोनही तसाच चुकलेला असू शकतो. बाणामागे गोल गोल फिरण्यापेक्षा उभं राहून विचार करा की मी असतो तर कुठे लपवली असती. जुन्या पुलाचा दगडी पाया, मोरीचं तोंड, सिग्नलचा गंजका खांब, अंतराचा दगड, बाकाची खालची बाजू. दगड किंवा काटक्या जरा जास्तच नीट रचलेल्या दिसल्या तर तिथे हात घाला, पण आधी काठीने चाळवा, साप-विंचवांनाही अशाच जागा आवडतात. खणायचं मात्र नाही, नियमाने कॅश पुरत नाहीत, आणि जुन्या बांधकामातले दगड तर अजिबात उपसायचे नाहीत.

सायकलवाले येत असतील तर बुटाची लेस बांधत बसा 😄 नाहीतर कुणीतरी बघून ठेवतं आणि पुढच्या वेळी डबी गायब.

सापडली की नाव आणि तारीख लिहा. पेन्सिल न्या, नदीकाठी कागद दमट होतो आणि पेन चालत नाही. आतली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किमतीची किंवा बरी वस्तू ठेवा, खायचं काही नको. नंबर असलेला बिल्ला म्हणजे ट्रॅव्हल बग असेल तर तो ठेवून घ्यायचा नसतो, पुढच्या कुठल्यातरी कॅशमध्ये सोडायचा. मग डबी होती तश्शीच, तिथेच ठेवायची, स्वतःची हुशारी लावून जास्त चांगली जागा शोधू नका.

पुढची डबी साधारण 161 मीटरच्या आत नसते, नियमच आहे, त्यामुळे लांब ट्रेलवर त्या माळेसारख्या ओळीने मिळतात आणि अजून एकच करत करत माणूस लांब जातो, तेवढंच परत यायचंय हे विसरून. मी जाताना नदीच्या बाजूच्या करतो आणि येताना दुसऱ्या बाजूच्या.

घरी आल्यावर ऑनलाइन लॉग टाका, न सापडलेल्यांचासुद्धा, लाज वाटायचं काही कारण नाही. कागद ओला होता किंवा झाकण फुटलं होतं तर तेही लिहा, म्हणजे मालक येऊन बदलेल.