खासगी रान राखायचं कसं? कोकणातल्या गावांसाठी

रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं जंगल फारच थोडं आहे. डोंगरउतारावर दिसणारी बहुतेक झाडी कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असते. झाडं जरा जाडजूड झाली की ठेकेदार येतो, रक्कम ठरते आणि महिनाभरात उतार बोडका होतो. मालकाला नावं ठेवून उपयोग नाही. घरात आजारपण असतं, लग्न निघालेलं असतं आणि जमिनीतून दुसरं उत्पन्न काहीच नसतं. त्यामुळे रान राखायचा बेत आखताना आधी मालकाच्या पैशाचा विचार करावा, झाडांचा मागाहून.

कागद बघा

सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढा. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव, बोजा किंवा ‘खासगी वन’ असा शेरा आहे का ते पाहा. कोकणात एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं नवं नाही. निम्मे खातेदार मुंबईत, दोन-चार वारलेले आणि वारस नोंद झालेलीच नाही. सह्यांसाठी गणपती आणि शिमगा हे दोनच हुकमी दिवस, तेव्हा कागद त्याआधी तयार ठेवा. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा.

विकत घ्यायच्या फंदात पडू नका

अमेरिकेत जमीन विकत घेऊन किंवा मालकाशी कायमचा करार करून रान राखणारे स्थानिक न्यास भरपूर आहेत. आपल्याकडे तो रस्ता अरुंद आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल किंवा भाडेपट्टासुद्धा बिगरशेतकऱ्याच्या नावे परवानगीशिवाय होत नाही, आणि नोंदणीकृत संस्था सहसा शेतकरी ठरत नाही. म्हणून जमीन, ताबा आणि सातबारा मालकाकडेच ठेवून, मोबदला देऊन, फक्त ‘तोड करणार नाही’ एवढ्यापुरता ठरावीक मुदतीचा करार करायचा. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर भागात जमीनमालकांशी असे संवर्धन करार केले आहेत.

करारात काय बंद आणि काय चालू, दोन्ही स्पष्ट लिहा. तोड, कोळसा भट्टी, जेसीबी आणि आग बंद. वाळलेली लाकडं, हिरडा-बेहडा आणि मध चालू. गुरांचं मात्र बसून ठरवा. चराई सरसकट बंद केली तर गाव पहिल्याच वर्षी विरोधात जातं. मोबदला एकरकमी देऊ नका, दरवर्षी पाहणीनंतर हप्त्याने द्या. मसुदा तालुक्याच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सह्या घेऊ नका.

ग्रामसभेत ठराव घ्या

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते. तिला जागं करा आणि लोकजैवविविधता नोंदवहीत हे रान नोंदवून घ्या. जागा खरोखर दुर्मीळ असेल तर याच कायद्याच्या कलम ३७ खाली ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर होऊ शकते. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथली रानजायफळाची पाणथळ राई अशीच जाहीर झाली. देवाची म्हणून गावाने ती आधीपासूनच राखली होती.

रानात काय आहे ते पाहा

गावातल्या जाणत्या माणसाला, शक्यतो गुराख्याला, बरोबर घेऊन चाला. किंजळ, ऐन, नाणा कुठे, पाणी कुठे मुरतं, ढोलीचं जुनं झाड कोणतं, हे नकाशावर उतरवा. पाच-सहा ठिकाणी दगडाला रंग लावून ठेवा आणि दरवर्षी मे आणि नोव्हेंबरात तिथूनच, त्याच दिशेने फोटो घ्या. हप्ता देताना हेच फोटो पुढ्यात ठेवायचे असतात.

आणि एक विनंती. माथ्यावरचा कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचं पठार, ‘पडीक’ समजून तिथे सुरुंगाने खड्डे पाडून झाडं लावू नका. पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. तो स्वतंत्र अधिवास आहे, झाडं नसणं हीच त्याची प्रकृती.

वणवा अडवा

सगळ्या कामाचा प्राण इथे आहे. गवत वाळू लागलं की, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, हद्दीने आठ-दहा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा काढा. शेजारच्या काजूबागेत पालापाचोळा जाळतात तिथून आग शिरते, त्यामुळे त्या बागायतदाराशी आधीच बोलून ठेवा. फेब्रुवारी ते मे गावातलीच दोन पोरं पगारी राखणदार म्हणून नेमा. रोपांवर खर्च करायची हौस असेल तर तो पैसा आधी इथे घाला.

लावण्याआधी उगवू द्या

तोडलेल्या ऐन-किंजळाचा खुंट मेलेला नसतो. पहिल्या पावसात त्याला दहा-पंधरा फुटवे येतात. दोन-तीन सरळ, जोमदार फुटवे ठेवून बाकीचे कोयत्याने काढले की झाड भराभर वाढतं, कारण खालची मुळं जुनी आणि खोलवर गेलेली असतात. त्याला ना पाणी लागतं ना कुंपण. फोटो काढून घेण्यासारखा हा कार्यक्रम नसल्यामुळे पाहुण्यांना आवडत नाही, एवढीच अडचण. रानमोडी आणि घाणेरी ही रान व्यापून टाकणारी झुडपं फुलावर येण्याआधी, ओल असताना, मुळासकट उपटा.

मग जिथे खुंटच उरले नाहीत तिथेच रोपं लावा. बी आसपासच्या राईतलंच घ्या. ओढ्याकाठच्या जातींना लहानपणी सावली लागते, त्यामुळे उघड्या उतारावर त्या टिकत नाहीत. ग्लिरिसिडिया आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नको म्हणा.

उभ्या झाडातून उत्पन्न काढा

बेहड्याचा धिप्पाड वृक्ष ठेकेदार किरकोळ भावात नेतो. त्याच झाडाच्या ढोलीत महाधनेशाची मादी स्वतःला लिंपून कोंडून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर फटीतून उंबर, पायरी अशा वडाच्या कुळातल्या रानझाडांची फळं भरवतो. याच झाडाखाली पडलेली फळं औषध कंपन्यांना हवी असतात. वर उल्लेखलेल्या संस्थेने हिरडा-बेहड्याच्या अशा गोळा केलेल्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र (रान न ओरबाडता गोळा केलेल्या मालाला मिळणारं) मिळवलं, त्यामुळे बाहेरच्या बाजारात माल जाऊ शकला. फळं झोडपून न पाडता पडलेलीच वेचायची, काही रानासाठी सोडायची आणि कडक उन्हात नीट वाळवायची, कारण बुरशी लागलेला माल परत येतो.

कराराची मुदत ठेकेदारालाही ठाऊक असते. शेवटचं वर्ष लागताच नूतनीकरणाचा विषय काढा आणि पुढच्या हप्त्याचे पैसे आधी बँकेत आहेत याची खात्री करा.