मैद्याशिवाय चायनीज: चिकन चिली, चिकन ६५ आणि मंचुरियन घरच्या कढईत

गव्हाचं पथ्य लागलं की माणूस आधी नूडल्स सोडतो आणि चिकन चिली चालू ठेवतो. चिकन, मिरची, कांदा. यात गहू कुठला? गफलत इथंच होते. चायनीजच्या गाडीवर नूडल्समधला गहू निदान डोळ्याला दिसतो. न दिसणारा गहू चार ठिकाणी असतो: चिकनवरच्या लेपातला मैदा, सोया सॉस, तळणीचं तेल आणि खुद्द कढई.

लेपाचं कारण सरळ आहे. मैदा स्वस्त पडतो आणि चिकनला घट्ट धरतो, म्हणून कॉर्नफ्लोअरच्या जोडीला तो पडतोच. सोया सॉसचं लोकांच्या ध्यानात येत नाही. तो आंबवायच्या जुन्या रीतीत सोयाबीनच्या बरोबरीनं भाजून भरडलेला गहू असतो. तेलाचं म्हणाल, तर ज्या तेलात मैद्यातले व्हेज मंचुरियनचे गोळे आणि स्प्रिंग रोल तळले, त्यातच तुमचं चिकन ६५ पडतं. आणि हक्का नूडल्स परतून झाल्या की कढईला पाण्याचा हबका, एक घासणी आणि लगेच पुढची ऑर्डर.

हे सगळं किती मनावर घ्यायचं, ते पथ्य कशासाठी आहे यावर ठरतं. गहू खाल्ला की नुसतं जड वाटतं म्हणून सोडला असेल, तर सोया सॉस आणि मैदा टाळला तरी बरंचसं काम होतं. सिलिअॅक (गहू आतड्याला सोसतच नाही असा आजार) असेल तर चिमूटभर मैदाही आतड्याला इजा करतो, त्रास लगेच जाणवो वा न जाणवो. अशा माणसासाठी गर्दीच्या वेळची गाडी नाहीच. घरची कढई हाच रस्ता. अजून तपासणीच झाली नसेल तर आधी रक्त तपासून घ्या, मग गहू सोडा. गहू बंद केल्यावर केलेली चाचणी आजार असूनही ‘नाही’ म्हणू शकते.

पिठाचा घोळ गिरणीत

मैदा नको म्हणून तांदळाचं पीठ वापरायचं ठरवलं, तांदूळ धुऊन वाळवले आणि गल्लीतल्या गिरणीत दिले. तिथं आपल्या आधीचा डबा गव्हाचा होता. जात्याच्या दगडात आणि पिठाच्या कापडी तोंडात राहिलेला गहू आपल्या पिठात उतरतो, आणि गिरणीवाल्यानं ‘आधी थोडं तांदूळ टाकून काढतो’ म्हटलं तरी तो पुरता जात नाही. ज्वारीच्या आणि बेसनाच्या पिठाचंही तेच. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच दळला नसेल तर उत्तम. नाहीतर तांदूळ दोन तास भिजवा, निथळा, कापडावर तासभर पसरा, मिक्सरमध्ये बारीक करून मैद्याच्या चाळणीऐवजी नव्या चाळणीनं चाळा. चिकनच्या लेपाला लागतं ते पाव वाटीच, त्यामुळे एवढा खटाटोप परवडतो.

कॉर्नफ्लोअर म्हणजे आपल्याकडं मिळणारा पांढराशुभ्र मक्याचा स्टार्च. पिवळं मक्याचं पीठ नव्हे. तो सुटा घेऊ नका. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे ग्लुटेन (गहू-बार्लीतलं चिकट प्रथिन) २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, हा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. घटकांच्या खाली अॅलर्जीची ओळ असते. तिथं ‘व्हीट’ किंवा ‘बार्ली’ दिसलं की पाकीट परत फडताळावर.

बाकीच्या वस्तू पटापट. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर चालतं, माल्ट व्हिनेगर चालत नाही, कारण ते बार्लीचं. अजिनोमोटो उगाच बदनाम आहे. ऊस किंवा टॅपिओका आंबवून ते करतात, त्यात गहू नसतो. ऑयस्टर सॉस, तयार शेजवान चटणी, ६५ चा तयार मसाला आणि स्टॉकच्या वड्या लेबल वाचल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. आणि हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. कोल्हापूरच्या घरात कांदा-लसूण चटणी प्रत्येक गोष्टीत पडते आणि चटणीत हिंग पडतो, त्यामुळे चिकनला चव म्हणून ती घालण्याआधी तिच्यात कुठला हिंग गेला ते आठवा.

सोया सॉसच्या जागी काय

सगळ्यात सोपं म्हणजे गहू नसलेला टामारी. हा जपानी सोया सॉस; बहुतेक टामारी निव्वळ सोयाबीनची असते, पण काहींत थोडा गहू असतो, म्हणून लेबल बघायचंच. ती मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, आणि महाग पडते. एका वेळेला दीड-दोन चमचेच लागतात, तेव्हा छोटी बाटली पुष्कळ दिवस पुरते.

टामारी नसेल तर घरी काळा रस करता येतो. इथून पुढं मोठा चमचा म्हणजे १५ मिली, लहान म्हणजे ५ मिली. जाड बुडाच्या पातेल्यात एक मोठा चमचा साखर कोरडीच वितळवा आणि काळ्या कॉफीच्या रंगावर येऊ द्या. त्यापुढं गेली तर कडू होते, अलीकडं थांबली तर रंग येत नाही. गॅस बंद करून हात लांब धरून एक कप गरम चिकन स्टॉक ओता. जोरात उसळतं, म्हणून पातेलं खोल हवं. त्यात दोन लहान चमचे मीठ, एक लहान चमचा गूळ, एक लहान चमचा चिंचेचा कोळ, चार ठेचलेले मिरे आणि पाव लहान चमचा अजिनोमोटो घालून अर्धा कप उरेपर्यंत आटवा, गाळा. वाळलेली मश्रूम मिळाली तर दोन-तीन त्यातच उकळा, चव भरते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. हा सोया सॉसपेक्षा कमी खारट असतो, म्हणून पदार्थात मीठ शेवटी चाखून घालायचं.

चिकन चिली, चौघांसाठी

बोनलेस अर्धा किलो घ्या, तेही लेगचं. छातीचं मांस दोनदा तळल्यावर कोरडं पडतं. चिकन सेंटरवर मसाला लावून ठेवलेलं कधी घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही. अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा, धुऊन चाळणीत पूर्ण निथळा आणि कागदानं टिपा. ओलं चिकन हे लेप सुटण्याचं पहिलं कारण.

त्याला पाऊण लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा मिरपूड, एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण आणि एक लहान चमचा टामारी लावून अर्धा तास ठेवा. मग एका अंड्याचा फक्त पांढरा भाग कालवा. सहा मोठे चमचे कॉर्नफ्लोअर (सुमारे ५० ग्रॅम) आणि तीन मोठे चमचे तांदळाचं पीठ (सुमारे ३० ग्रॅम) एकत्र चाळून त्यात चोळा. पाणी घालायचं नाही. आणि आता दहा मिनिटं हात लावायचा नाही. मैद्यात ग्लुटेनची जाळी असते, तीच लेपाला धरून ठेवते. इथं ती नाही. अंड्याची प्रथिनं आणि भिजून चिकट झालेला स्टार्च यांच्यावर सगळी भिस्त आहे, आणि स्टार्चला भिजायला वेळ लागतो. घाईनं तेलात सोडलं की अर्धा लेप तळाला जाऊन करपतो.

तेल नवं घ्या. आदल्या दिवशी पुऱ्या तळलेल्या तेलात कणकेचा गाळ असतो, गाळून घेतलं तरी. पहिली तळणी १७० अंशांवर तीन ते चार मिनिटं. थर्मामीटर नसेल तर लेपाचा थेंब टाका. तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आला की तेल तयार. एका खेपेला आठ-दहाच तुकडे. काढून पाच मिनिटं जाळीवर ठेवा, आतली वाफ बाहेर येऊ द्या. मग तेल १९० पर्यंत तापवून सगळे तुकडे मिनिटभर पुन्हा तळा. ही दुसरी तळणी चुकवली तर सॉसमध्ये पडल्यावर दोन मिनिटांत लेप लगद्यासारखा होतो.

घरचा गॅस म्हणजे गाडीची भट्टी नव्हे. त्यामुळे परतणं दोन खेपांत करा, पाव-पाव किलो. लोखंडी कढई धूर दिसेपर्यंत तापवा, एक मोठा चमचा तेल, त्यात चिरलेला लसूण दीड लहान चमचा, आलं अर्धा लहान चमचा, उभ्या चिरलेल्या दोन-तीन हिरव्या मिरच्या. दहा-पंधरा सेकंद. मग अर्ध्या कांद्याच्या पाकळ्या आणि अर्धी ढोबळी मिरची, मोठ्या आचेवर मिनिटभर. कचकच राहिली पाहिजे. टामारी पाऊण मोठा चमचा, मिरचीचा सॉस अर्धा मोठा चमचा, चिमूटभर साखर, दोन मोठे चमचे स्टॉक. ड्राय हवं असेल तर एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर एका मोठ्या चमचा गार पाण्यात कालवून घाला, चकाकी आली की चिकन टाका, दोनदा उडवा, गॅस बंद. ग्रेव्ही हवी तर या अर्ध्या मापाला स्टॉक पाऊण कप आणि कॉर्नफ्लोअर अर्धा मोठा चमचा. अर्धा लहान चमचा व्हिनेगर आणि कांद्याची पात सगळ्यात शेवटी.

व्हिनेगर शेवटी का? आंबट घालून कॉर्नफ्लोअर उकळत ठेवलं की त्याचा घट्टपणा मोडतो आणि ग्रेव्ही पाण्यासारखी होते. जास्त वेळ रटरटत ठेवली तरी तेच. ग्रेव्ही उरली आणि फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी कडेनं पाणी सुटतं. तो दोष नाही, स्टार्चचा स्वभाव आहे. गरम करताना जरा ताजी कॉर्नफ्लोअरची पेस्ट घाला.

लेप दगडासारखा कडक झाला तर कॉर्नफ्लोअर जास्त पडलंय. दाताखाली कचकच रवाळ लागतं तेव्हा तांदळाचं पीठ जाडसर आहे किंवा प्रमाणाबाहेर गेलंय. बाहेरून तांबूस पण आत गुलाबी, म्हणजे तेल फार तापलं होतं. फिकट आणि तेलकट, म्हणजे उलट.

६५ आणि मंचुरियन

चिकन ६५ ला वरचंच लेपाचं माप, पण अंड्याबरोबर दोन मोठे चमचे घट्ट दही, दीड लहान चमचा ब्याडगीचं तिखट आणि हातानं कुस्करलेला कढीपत्ता. दह्याचं पाणी असतं म्हणून तांदळाचं पीठ एक चमचा वाढवा. लाल रंगाची गरज नाही. रंग ब्याडगी देते, तिखटपणासाठी अर्धा चमचा लवंगी पुरे. हा पदार्थ मुळात चेन्नईच्या बुहारी हॉटेलचा मानतात, चायनीजशी त्याचा संबंध गाडीवर एकाच कढईत तळला जातो एवढाच.

मंचुरियन मात्र पथ्याला सोयीचा. मुंबईत नेल्सन वँग यांनी १९७५ साली तो केला, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला पाया, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. मैद्यावाचून त्याचं काही अडत नाही. चिलीचीच कृती, फक्त लसूण-आलं बारीक चिरून दुप्पट, ढोबळी मिरची वगळून भरपूर कोथिंबीर, आणि ग्रेव्ही चमच्याच्या पाठीवर थर राहील इतकी दाट.

घरचा शेजवान

ब्याडगी पंधरा, संकेश्वरी पाच. देठ-बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास. त्यातच वाटून घ्या. अर्धा कप तेलात वीस पाकळ्या बारीक चिरलेला लसूण आणि दोन इंच आलं मंद आचेवर, लसूण सोनेरी व्हायच्या आधीच मिरचीचं वाटण घाला. तेल सुटेपर्यंत दहा-बारा मिनिटं. मग टामारी एक मोठा चमचा, व्हिनेगर दोन, साखर एक लहान, मीठ. खऱ्या सिचुआन मिरीची जिभेला झिणझिण्या आणणारी चव हवी असेल तर कोकणातून येणारं तिरफळ वापरा; ते तिच्याच कुळातलं. दोन-तीन तिरफळांच्या बिया काढून नुसती सालं भाजून कुटा, जास्त घातलं तर कडू.

भात, नूडल्स

फ्राइड राइसला आजरा घनसाळ नको. वास सुरेख, पण शिजल्यावर मऊ होतो, परतताना गोळा. कोलम किंवा बासमती आदल्या दिवशी शिजवून परातीत पसरून गार करा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा; रात्रभर ओट्यावर नको. तांदळाच्या नूडल्स उकळायच्या नसतात. उकळतं पाणी गॅसवरून उतरवून त्यात सहा-आठ मिनिटं बुडवा, थोडा कणा असतानाच गार पाण्यातून काढा, तेलाचा हात लावा.

बाहेर खायचंच झालं तर

‘ग्लुटेन’ हा शब्द गाडीवर चालत नाही. ‘मालक, गव्हाची अॅलर्जी आहे, मैदा अजिबात चालत नाही’ असं सांगा. मग विचारा: चिकनला लेप कसला? सोया सॉसची बाटली बघू का? तळणीचं तेल वेगळं आहे का? गाडी नुकतीच लागलेली असताना, तेल नवं आणि कढई कोरी असते, तेव्हाच विचारण्यात अर्थ आहे. रात्री नऊच्या गर्दीत नाही. स्वतःची टामारी नेली तरी कढई आणि झारा त्यांचाच राहतो, म्हणून सिलिअॅकवाल्यांनी या वाटेला जाऊ नये. ‘थोडंसं असलं म्हणून काय होतंय ओ’ असं उत्तर आलं, तर तिथून पार्सल घ्यायचं नाही.