टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी आरपीजीचे अभिप्राय वाचताना या चुका टाळा

टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी आरपीजी, म्हणजे आळीपाळीने चाली करत पथकाच्या लढाया जिंकण्याचा आणि पात्रांची ताकद वाढवत नेण्याचा व्हिडिओ गेम, विकत घेण्याआधी बहुतेक जण समीक्षकांचे आणि खेळाडूंचे अभिप्राय चाळतात. पण एकाच गेमला कोणी ‘फारच सोपा’ म्हणतो, तर कोणी ‘अन्यायकारक’, आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. अशा वेळी पुष्कळदा दोघांचेही खरे असते. मत कोणत्या डिफिकल्टीवर (काठिण्यपातळीवर), गेमच्या कोणत्या आवृत्तीवर आणि किती तास खेळून बनले, हे न पाहता त्यावर विसंबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ जुलै २०१९ मध्ये आला तेव्हा त्यात नॉर्मल आणि हार्ड एवढ्याच दोन पातळ्या होत्या, ‘मॅडनिंग’ ही खरोखर दमवणारी पातळी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोफत अपडेटमधून आली. त्यामुळे सुरुवातीच्या परीक्षणांतली ‘आव्हान कमी पडते’ ही तक्रार त्या वेळी रास्त असली, तरी आज गेम घेणाऱ्याला ती जशीच्या तशी लागू होत नाही. म्हणून अभिप्रायाची तारीख आधी पाहावी.

तक्रार बिघाडाची आहे की रचनेची, हे वेगळे न करणे ही दुसरी चूक. ‘एक्सकॉम २’ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला तेव्हा संगणकावर तो अडखळत चालतो, अशी ओरड झाली; असे दोष पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, कमी होऊ शकतात. मोहिमा ठरावीक टर्नमध्ये (पाळ्यांमध्ये) संपवण्याच्या सक्तीवरही खेळाडू नाराज होते, पण ती सक्ती निर्मात्यांनी विचारपूर्वक घातली होती. २०१७ च्या ‘वॉर ऑफ द चोझन’ या त्याच्या विस्तारात ही मर्यादा दुप्पट करण्याचा पर्याय मिळाला. पहिल्या प्रकारच्या तक्रारीबाबत ताजे अभिप्राय वाचावेत. दुसऱ्या प्रकारात मात्र आपली आवडच तपासावी लागते.

‘नव्वद टक्के दाखवूनही नेम चुकतो, गेम फसवतो’ ही तक्रार या प्रकारात इतकी नित्याची आहे की तिच्याकडे नीट पाहायला हवे. नव्वद टक्क्यांचे पाच वार केले, तर त्यांतला निदान एक वाया जाण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के असते. म्हणजे अशी चूक अधूनमधून होणारच. शिवाय प्रत्येक गेमचा हिशेब सारखा नसतो. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत २००२ च्या ‘द बाइंडिंग ब्लेड’पासून पुढच्या अनेक भागांत दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेतली जाते. त्यामुळे पडद्यावर नव्वद दिसत असताना वार प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के वेळा लागतो, आणि तीस दिसत असताना जेमतेम १८ टक्के. या सवलतीची सवय झालेला खेळाडू ‘एक्सकॉम’कडे वळला की त्याला तेथला प्रामाणिक आकडाच खोटा वाटू लागतो. ‘एक्सकॉम २’च्या सोप्या पातळ्यांवर मात्र खेळाडूला न दिसणारी मदत मिळते. म्हणून केवळ नशिबाला दोष देणाऱ्या अभिप्रायाला मी फारसे वजन देत नाही. सैनिक उघड्यावर का राहिला, आडोसा का सोडला, हे सांगणाऱ्या अभिप्रायाला देतो.

स्टीम या गेमविक्रीच्या संकेतस्थळावरील ८५ टक्के म्हणजे शंभरपैकी ८५ गुण, असे समजू नये. इतक्या खेळाडूंनी गेमची शिफारस केली, एवढाच त्याचा अर्थ आहे. समीक्षकांच्या सरासरी गुणांतही बरेच काही झाकले जाते. २०२३ च्या ‘फायर एम्ब्लेम एंगेज’च्या लढायांची अनेक समीक्षकांनी वाखाणणी केली आणि कथेला नावे ठेवली, केवळ डावपेचांसाठी खेळणाऱ्याने त्याचे एकूण गुण पाहून पाठ फिरवली, तर नुकसान त्याचेच आहे. ‘टॅक्टिक्स ओगर: रीबॉर्न’मध्ये पथकाच्या लेव्हलवर, म्हणजे लढून वाढत जाणाऱ्या ताकदीच्या टप्प्यावर, मर्यादा आहे. लेव्हल वाढवत बसण्यात रमणाऱ्याला ती जाचक वाटते, तर प्रत्येक लढाई बुद्धीने जिंकू पाहणाऱ्याला तीच हवीशी वाटते.

एवढे करूनही निर्णय होत नसेल, तर डेमो, म्हणजे गेमचा छोटा नमुना, खेळून पाहावा. २०२२ च्या ‘ट्रँगल स्ट्रॅटेजी’च्या डेमोतली प्रगती पूर्ण गेममध्ये पुढे नेता येते. मात्र या गेमची सुरुवात संवादांनी भरलेली आणि संथ आहे, हे परीक्षणांतले म्हणणे खरे आहे. तेव्हा तेथे कथेच्या वेगापेक्षा उंचवट्यांचा, पाठीमागून होणाऱ्या हल्ल्यांचा आणि टर्नच्या क्रमाचा खेळ आपल्याला रुचतो का, हे पाहावे.