आई ऑफिसला निघते तेव्हा: मुलं सांभाळायच्या कामाला नव्याने लागलेल्या मावश्यांसाठी

बडोद्यात मुलं सांभाळायला लागून मला १९ वर्षं झाली. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत काम केलं, अलकापुरीतल्या फ्लॅटांत केलं. नव्या मुली हे काम शिकायला येतात तेव्हा पहिलं विचारतात, "ताई, दिवसभर खेळवायचं काय?" खेळवणं सोपं आहे. आई पर्स उचलते तिथपासून मूल शांत होईपर्यंतचा वेळ खरा अवघड. तो साधला तर दिवस साधतो.

पगार, सुट्ट्या, वेळ आधीच ठरवा. आई-बाबांचे, डॉक्टरांचे आणि शेजारच्यांचे नंबर व १०८ फ्रिजवर चिकटवा. आईने डोस वहीत लिहून दिल्याशिवाय कोणतंही औषध देऊ नका, अगदी ग्राइप वॉटरसुद्धा.

आता आईचं निघणं. प्रत्येक घरात एकच सल्ला मिळतो: मुलाला आतल्या खोलीत गुंतवा, आई हळूच निघेल. हा सल्ला कधीही ऐकू नका. मी ऐकला होता. माझं तिसरंच घर, सव्वा वर्षाची मुलगी. आजी म्हणाल्या, "तिची पाठ फिरली की सून निघेल, उगाच कशाला रडवायचं?" चार दिवस खरंच रडणं झालं नाही. पाचव्या दिवसापासून ती आईचा कुडता सोडेना. आई आंघोळीला गेली की बाथरूमच्या दाराशी बसून राहायची. माझ्याशी खेळताना सारखी मान वळवून दाराकडे बघायची. आपण खेळात रमलो की आई नाहीशी होते, हे तिला कळलं होतं, म्हणून तिने रमणंच सोडलं. मला ते उमगायला दोन महिने लागले. त्या पोरीचं अजून वाईट वाटतं.

साधारण आठ-नऊ महिन्यांपासून मुलाला कळायला लागतं की आई दिसत नसली तरी कुठेतरी आहे. ती परत कधी येईल, हे मात्र कळत नाही. म्हणून दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत ही रड सर्वांत जास्त असते. तुम्ही कमी पडता म्हणून मूल रडत नाही.

कामाचे पहिले चार दिवस आईला सुट्टी घ्यायला सांगा. नाही म्हणाली तर पुन्हा सांगा, मी या बाबतीत अडून बसते. पहिल्या दिवशी आई घरात असू द्या. तुम्ही जमिनीवर बसून डबे-झाकणं मांडा आणि मुलाला स्वतःहून उचलू नका, ते सरकत तुमच्याकडे येतं. दुसऱ्या दिवशी आईने सांगून कोथिंबीर आणायला जावं आणि दहा मिनिटांत परत यावं. तिसऱ्या दिवशी अर्धा तास. चौथ्या दिवशी दोन तास, आणि त्यात मुलाचं एक जेवण तुमच्या हातचं झालं पाहिजे. मग ऑफिस.

निरोप रोज अगदी सारखा ठेवा. चपला, एक पापी, एक वाक्य: "आई ऑफिसला चालली, संध्याकाळी दुधाच्या वेळी येते." गॅलरीतून टाटा. सगळं मिळून एक मिनिट. लिफ्टपासून तीनदा मागे येणारी आई मुलाला तीनदा रडवते. डबा विसरला तर तो वॉचमनकडून खाली पाठवा. आणि मूल आईच्या कडेवरून ओढून घेऊ नका. आईने स्वतः ते तुमच्या हातात द्यावं. ओढून घेतलंत तर मुलाच्या लेखी आईपासून तोडणारी बाई तुम्हीच.

दार लागल्यावर मोबाइल नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको. माझं कारण आणखी साधं आहे: मोबाइलने रड थांबते, पण मूल तुमच्याजवळ येत नाही. "आत्ता येते हां आई" हे खोटं नको, पोलिसाची नि बागुलबुवाची भीती तर नकोच. "आई गेली. तुला आई हवी ना? मी आहे इथे," एवढं म्हणा आणि जवळ बसा. आईची ओढणी हातात द्या. मग गॅलरीत कबुतरं, भाजीची लारी. तरीही थांबलं नाही तर ताटात थोडं पाणी, दोन वाट्या, एक चमचा. ओताओत करताना रड विसरते, हे मी कितीतरी मुलांमध्ये पाहिलंय. पण तिथून क्षणभरही उठू नका आणि भरलेली बादली घरात उघडी ठेवू नका. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

तीन आठवड्यांनंतरही रोज अर्ध्या तासाहून जास्त रडत असेल किंवा खाणं-झोप सुटली असेल, तर आई-बाबांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवायला लावा. संध्याकाळी आईला बघून मूल भोकाड पसरेल, ते चांगलं लक्षण आहे. पण हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटतं, दिवसभर हे असंच चाललं होतं.

बाकीचं थोडक्यात. वर्षाच्या आत मध नाही. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत नाहीत, द्राक्षं उभी चिरून द्या. तान्ह्याला पाठीवर झोपवा. कमाटी बागेत उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत जाऊन या. चार वर्षांच्या पुढच्या मुलांना तिथल्याच म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा दाखवा, ते घरी येऊन आठवडाभर त्याच्याबद्दल बोलतात. उत्तरायणाला, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, मी लहान मुलांना गच्चीवर नेत नाही. मांजा गळ्याला कापतो आणि मोठ्यांचं लक्ष आकाशात असतं. घरचे रागावले तरी चालेल.

संध्याकाळी तुम्ही निघतानाही हाच नियम पाळा, चोरून जाऊ नका. "मावशी घरी चालली, उद्या नाश्त्याच्या वेळी येते," म्हणा आणि मुलाच्या समोर चपला घाला. काम कायमचं सोडायचं असेल तेव्हा मुलाला किमान आठवडाभर आधी, आई-बाबांच्या समोर बसून, स्वतःच्या तोंडाने सांगा.